घाटातलं गुपित आणि आपटलेलं हेल्मेट

या आठवड्याचं पत्र साखळीहून आलंय. लिहिणारी २६ वर्षांची, पणजीत बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून तिने सेकंडहँड ३५०ची बुलेट घेतली. ती फक्त ऑफिसला जायला-यायला, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात महिन्यातले दोन-तीन रविवार ती पहाटे उठून केरीमार्गे चोर्ला घाट चढते आणि नऊच्या आत परत येते. घरी सांगते, "मैत्रिणीबरोबर चालायला जाते." जूनच्या दुसऱ्या रविवारी परतताना ती घाटात पडली. तिच्याच शब्दांत:

"उतारावर उजवं वळण होतं. स्पीड पन्नासच्या आसपास. समोरून अचानक बस आली. मी घाबरून डावीकडच्या गटाराकडे बघितलं, ब्रेक दाबला आणि गाडी खालून निघूनच गेली. कोपर आणि गुडघा खरचटला, उजवा आरसा फुटला, हेल्मेट रस्त्यावर आपटलं. बसमधल्या दोघांनी उतरून गाडी उचलून दिली. घरी सांगितलं की बँकेच्या पार्किंगमध्ये पडले. तेव्हापासून उतार दिसला की हात थरथरतात. तरी रविवारी पाचला आपोआप जाग येतेच. गाडी विकू का? ही भीती जाते का? माझ्या मामाच्या पायात बाईकच्या अपघातामुळे रॉड आहे, त्यामुळे आई या विषयावर ऐकूनच घेत नाही. त्यात आता माझ्यासाठी स्थळं बघतायत. घरी खरं सांगायचं का?"

बाये,

तुझ्या प्रश्नांकडे मी येईनच, पण त्याआधी तू न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलते. पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "हेल्मेटला फक्त एक ओरखडा आहे, बाकी ठीक आहे." ते ठीक नाही. हेल्मेटचं बाहेरचं कवच टणक असतं, पण डोकं वाचवतो तो आतला थर्माकोलसारखा थर. आपटल्यावर तो दबतो, दबताना धक्का पोटात घेतो आणि त्यानंतर पुन्हा फुगत नाही. त्याचं काम एकदाच. तुझ्या हेल्मेटने जूनमध्ये ते काम केलं. आता ते डोक्यावर घालून फिरणं म्हणजे टोपी घालून फिरणं. हे वाचून होईल तोवर गाडीची किल्ली आईच्या देव्हाऱ्यात ठेव आणि नवं हेल्मेट येईपर्यंत कदंबच्या बसने पणजीला जा.

घेशील ते पूर्ण तोंड झाकणारं घे. आयएसआयची खूण बघ, आणि ती रस्त्याकडेला दोरीवर टांगलेल्या दोनशे रुपयांच्या हेल्मेटांवरही चिकटवलेली असते हे लक्षात ठेवून नीट दुकानात जा. घातल्यावर डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं मावतील इतका आवळ. पूल जवळ आला की कोपरात अडकवलेलं हेल्मेट घाईने डोक्यावर चढवायचं आणि पोलीस मागे पडला की परत कोपरात, ही आपल्या गोंयची खास विद्या आहे. हजार रुपयांचा दंड आणि तीन महिने लायसन्स जाण्याची भीती लोकांना वाटते, कपाळमोक्षाची वाटत नाही. असो.

आता मला पडलेला प्रश्न. ते हेल्मेट तू बदललं का नाहीस? पैसे नाहीत असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. मला वाटतं, नवं हेल्मेट घरात आलं असतं तर आईने विचारलं असतं, जुन्याचं काय झालं? आणि पार्किंगमध्ये उभी गाडी कलंडली तर हेल्मेट कशाला आपटेल? म्हणजे एक खोटं टिकवायला तू फुटका आरसा आणि मेलेलं हेल्मेट घेऊन रोज हायवेवरून जातेस. तुझ्या सगळ्या पत्रात मला सर्वांत भीतीदायक वाटलं ते हे. घाटाचं वळण त्याच्यानंतर.

हे मी वरून बोलत नाहीये. १९९६ साली मी उसगावच्या बाजूला शाळेत शिकवायची. आधी लुना मोपेड होती, मग नवऱ्याची येझदी मोटरसायकल हाताला लागली आणि लुना अंगणात गंजत पडली. त्या काळी खनिजाच्या ट्रकांची रांग लागायची. ट्रकांतून सांडलेली लाल माती पावसात कालवून रस्त्यावर लोण्यासारखी पसरायची. एका श्रावणी सोमवारी मी त्यात येझदीसकट पडले. सासूबाईंना येझदी मुळातच खुपायची, म्हणून सांगितलं, विहिरीवर घसरले. पुढचे तीन आठवडे त्याच विहिरीचं पाणी त्याच खांद्याने ओढलं. गळ्याजवळच्या हाडाला तडा गेला होता हे फार उशिरा कळलं, आणि तोवर ते वाकडंच जुळलं. आजही उजव्या खांद्यावर पर्स राहत नाही, घरंगळते. पडल्यामुळे एवढं नुकसान झालं नव्हतं. न सांगितल्यामुळे झालं.

आता वळणाकडे ये. इथे मी रेंगाळणार आहे, कारण "गाडी विकू का" याचं उत्तर "मी का पडले" यात दडलंय आणि ते तू शोधलेलंच नाहीस. "बस अचानक आली" म्हणून मोकळी झालीस. घाटाच्या वळणावर बस अचानक येत नाही, बाये. ती येणारच असते. आपण ती येणार नाही असं धरून चाललेले असतो.

पन्नासच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. बस दिसणं, पोटात गोळा येणं आणि बोटं ब्रेकवर पोचणं यात एक सेकंद सहज जातो. म्हणजे तू काही करायच्या आतच त्या अख्ख्या बसच्या लांबीहून जास्त अंतर कापलेलं होतंस. चाळीसच्या ऐवजी साठने गेलं तर वेग दीडपट होतो, पण आपटण्याचा जोर सव्वादोनपट. हे गणित उतार आणखी बिघडवतो.

मग तू ब्रेक दाबलास. गाडी वळणात झुकलेली असते तेव्हा टायरची रस्त्यावरची पकड आधीच वळण्यात खर्ची पडत असते. टायर रस्त्याला टेकतं तेवढी जागा तुझ्या तळहाताएवढी. त्या तळहाताकडून तू एकाच वेळी वळायचंही काम मागितलंस आणि थांबायचंही, तेही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा चार-सहा महिन्यांचं रस्त्यात मुरलेलं ऑइल, डिझेल आणि धूळ पहिल्या पावसाने वर आलेली असते. भर जुलैतल्या धुऊन निघालेल्या रस्त्यापेक्षा हे पहिले पाऊस जास्त दगा देतात. पुढचं चाक निसटलं की गाडी सावरायला वेळच मिळत नाही, ती खालून निघूनच जाते. तू अगदी बरोबर लिहिलंयस. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) असतं तर वाचले असते, असं एखादा मित्र सांगेल. तुझी गाडी २०१९च्या आधीची असेल तर तिला ते नसेलही. पण साधं एबीएस सरळ धावणाऱ्या गाडीसाठी; झुकलेल्या गाडीला ते फारसं तारत नाही. वेग कमी करायचा तो वळण सुरू व्हायच्या आधी, गाडी उभी असताना. वळणात शिरलं की हात हलका. आणि उताराला गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेव, इंजिनच तिला धरून ठेवतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरायची आपल्याकडे जुनी खोड आहे, ती तुला नसावी अशी आशा करते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तू गटाराकडे बघितलंस. नजर जाते तिकडे गाडी जाते. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. माझी येझदी पडल्यानंतर काही महिने मी पायलटांच्या मागे बसून शाळेत जायची. (गोव्याबाहेरून वाचणाऱ्यांसाठी: आमच्याकडे पायलट विमान उडवत नाही, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर भाडं मारतो.) त्यांतला एक म्हातारा मला रोज न्यायचा. हेल्मेटखाली टॉवेल, पायात जुने बूट, वेग कधी चाळीसच्या वर नाही. एकदा मी खड्डा दाखवला तर म्हणाला, "बाये, फोंडाक पळयत रावल्यार गाडी फोंडांतच वता. हांव वाटेक पळयतां." (खड्ड्याकडे बघत राहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते. मी वाटेकडे बघतो.) वळण आलं की त्याची मान आधी वळायची, गाडी मागून. वळण जिथे संपतं तिथे तो बघत असायचा. वळणाआधी हॉर्न, आणि पलीकडचं काही दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही म्हणजे नाही, मागे कोण कितीही बोंबलो. आयुष्यभर रस्त्यावर पोट भरणाऱ्या माणसाला थरार परवडत नाही.

तुझ्या उजव्या वळणाबद्दल अजून एक. उजवीकडे झुकलीस की चाकं तुझ्या बाजूला असली तरी डोकं मधल्या रेषेवर जातं. बस येते तिथेच. म्हणून उजव्या वळणात शिरताना रस्त्याच्या डाव्या अंगाने शीर, गटाराला न घाबरता. तसं केलं की वळणापलीकडचंही जरा आधी दिसतं. तू त्या दिवशी बसच्या दिशेने न घसरता बाहेर घसरलीस, हे तुझं नशीब. ते दर वेळी भाड्याने मिळत नाही.

आता भीती जाते का? जाते, पण घाटात जाऊन जात नाही. "लगेच परत चढ, म्हणजे भीती मोडेल," असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. थरथरणारे हात हँडल घट्ट धरतात, आणि घट्ट धरलेलं हँडल वळत नाही. तुझ्यासाठी घाट या पावसात बंद. जुलैत तिथल्या सावलीच्या वळणांवर डोंगरातून पाझर येतो, शेवाळ धरतं, आणि धुक्यात पाच हातांवरचं दिसत नाही. तोवर गावातल्या एखाद्या मोकळ्या मैदानात, रविवारी सकाळी, चुन्याची एक रेघ मार. वीसच्या वेगाने ये, रेघेवर दोन्ही ब्रेक लाव आणि थांबेपर्यंत किती पावलं गेली ते मोज. मग तीसने, मग चाळीसने. आधी कोरड्यात, मग ओल्यात. आपल्याकडे पोरांना लहानपणापासून सांगतात, पुढचा ब्रेक लावू नको, उलटा पडशील. त्यामुळे निम्मे लोक नुसत्या पायाच्या ब्रेकवर आयुष्य काढतात. सरळ रस्त्यावर थांबवायचं जास्तीत जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. फक्त तो गपकन ओढायचा नाही. लिंबू पिळतेस तसा पिळायचा, हळू सुरुवात करून मग जोर. हे हातात बसलं की बघ, थरथर आपोआप उतरते. भीतीला काहीतरी काम लागतं.

अंगावर काय घालतेस ते तू लिहिलं नाहीस, पण कोपर खरचटलं त्यावरून कळलं. कोपराला पॅड असलेलं जॅकेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट घे. पडताना माणूस पहिल्यांदा तळहात टेकतो, म्हणून हातमोज्यांवर पैसे वाचवू नकोस. मे महिन्यात घामाने जीव जातो, मान्य. संध्याकाळ टाळता येत असेल तर पावसाळ्यात टाळच, कारण अंधार पडला की आपली सगळी गुरं ऊबदार डांबरावर येऊन रवंथ करत बसतात, आणि काळ्या म्हशीला मागचा लाल दिवा नसतो.

एवढं सगळं करूनही धोका शून्य होत नाही. मामाला विचार. तो चुकला होता की समोरचा, हे तू लिहिलेलं नाहीस, आणि त्याच्या पायातल्या रॉडला त्याने काही फरक पडत नाही.

आणि तरीही मी तुला "विक" म्हणत नाही. केरी सोडल्यावर थंडावा अंगाला लागतो, कुजलेल्या पानांचा वास येतो, अंजुणे धरणाचं पाणी एका वळणावर खाली उघडं पडतं आणि दुसऱ्या वळणावर झाडांत गडप होतं. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा तो ठोका आणि आपला श्वास एका तालात येतो. गाडीत काच वर करून बसलेल्या माणसाला हे मिळत नाही. मला ते माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी "त्यात काय एवढं" म्हणू नये, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी त्याला साधना-बिधना म्हणू नये. मजा आहे ती. मोठी मजा आहे.

फक्त एक प्रामाणिक हिशेब कर. तुझ्या रविवारच्या थरारात घाट किती आणि चोरी किती? शेजारच्या परसातला चोरलेला आंबा आपल्या घरच्या मानकुरादपेक्षा गोड लागतो, आणि पकडले गेलो की लगेच त्याची चव जाते. घरी सांगितल्यावर, आठ वाजता आईने डबा भरून दिल्यावरही तुला चोर्ल्याला जावंसं वाटलं, तर ती ओढ खरी. तेव्हा वाटलं नाही, तर गाडी खुशाल विक. गाडी विकणारा भेकड नसतो. दिवाळीपर्यंत थांब आणि मग ठरव.

तर घरी सांगायचंच, आणि ते नीतीसाठी नाही. आज तू घाटात जातेस तेव्हा तू तिथे आहेस हे पृथ्वीवर कुणालाच माहीत नसतं. घाटात फोनला कुठे रेंज असते, कुठे नसते. १०८ फुकट येते, पण तिला फोन कुणीतरी लावावा लागतो. त्या दिवशी बसमधून दोघं उतरले. बस नसती तर? गटारात, झाडीच्या आड, पाय मोडून पडली असतीस, तर नऊ वाजता आईने तुझ्या मैत्रिणीला फोन केला असता आणि मैत्रीण म्हणाली असती, "आज आमचं चालायला जायचं ठरलंच नव्हतं." मग शोध कुठून सुरू झाला असता, साखळीच्या बाजारातून? कुणाला तरी जाताना सांगणं, वर पोचल्यावर कळवणं, उतरल्यावर कळवणं, हे हेल्मेटइतकंच गरजेचं आहे.

आईच्या आधी मामाला गाठ. त्याच्या घरी जा, त्याच्यासमोर तो मोडका आरसा ठेव आणि वळणाची हकिकत सांग, जशी मला लिहिलीस तशी, गटारासकट. पायात रॉड असलेला माणूस "काही होत नाही गं" म्हणणार नाही, आणि माझा अनुभव असा की अशी माणसं "कधीच चालवू नकोस" असंही क्वचितच म्हणतात. हा विषय गणेशचवथीपर्यंत मुरू दे वगैरे करू नकोस, चवथीला घरात पंचवीस माणसं असतात आणि प्रत्येकाचं एक मत असतं. एखाद्या साध्या मंगळवारी मामाला घेऊन आईसमोर बस. परवानगी मागू नकोस, तू २६ वर्षांची आहेस; खोटं बोलले ते चुकलं, एवढं आधी म्हण. मग काय झालं, का झालं आणि आता काय बदलणार ते सांग. ती रडेल, ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही. तिच्या पुढ्यात अपघातांचे आकडे मांडू नकोस आणि "रस्त्याने चालणारेही मरतात" हे वाक्य तर मुळीच नको. तिने तिच्या भावाला इस्पितळाच्या खाटेवर बघितलंय. तिची भीती अडाणी नाही, तिच्याकडे फक्त तुझ्याइतकी माहिती नाही.

स्थळांचं म्हणशील तर पहिल्याच भेटीत सांगून टाक. बुलेट चालवणारी सून नको असलेलं घर तुला स्कूटरवरही सुखाने फिरू देणार नाही. मुलगा विचारेल, मलाही मागे बसवशील का? बसव, पण हेल्मेट त्यालाही, आणि घाट आधी एकटीला जमू दे.

आणि तो आरसा आजच बसवून घे. उजवा आरसा नसताना तू महिनाभर साखळी ते पणजी गाडी मारलीस हे वाचलं, तेव्हा पत्र खाली ठेवून मी उठून एक फेरी मारून आले होते.

तुझी,
ताई